खर्ज ऐकू येतोय का? मिरजेतल्या एका गाण्याच्या क्लाससाठी घेतलेले कॉम्प्युटर स्पीकर

माझा गाण्याचा क्लास मिरजेत, घरातल्याच दहा बाय बाराच्या खोलीत चालतो. 2020च्या लॉकडाउनमध्ये तो कॉम्प्युटरवर गेला आणि पुढे सगळं सुरळीत झालं तरी निम्मा तिथेच राहिला. पुण्यातल्या दोघी बहिणी, बेळगावची एक, शारजाला राहणारी एक, अशा चौघी आठवड्याचा रियाज रेकॉर्ड करून पाठवतात. रात्रीची जेवणं उरकली की मी टेबलाशी बसून ते ऐकते आणि दुसऱ्या दिवशी त्यांना चुका सांगते.

गेल्या दिवाळीच्या आधी बेळगावच्या मुलीला मी बोलले. म्हटलं, "अगं, तुझ्या तानपुऱ्यात खर्जच नाहीये. नुसत्या जोडावर गातेस, म्हणून षड्ज हलतोय." (खर्ज म्हणजे तानपुऱ्याची सगळ्यात खालच्या सा ची तार, जोड म्हणजे मधल्या दोन तारा आणि षड्ज म्हणजे सा.) ती हळूच म्हणाली, "ताई, खर्ज आहे. मी मुद्दाम मोठा ठेवलाय." हेडफोन लावून ऐकलं तर खरंच होता, चांगला भरदार. खोट माझ्या स्पीकरमध्ये होती. पंचवीस वर्षं शिकवतेय आणि मुलीला नसलेली चूक दाखवली, हे मला फार लागलं. त्याच आठवड्यात नवे स्पीकर घ्यायचं ठरवलं. बजेट दहा हजार, अगदीच मनात भरलं तर थोडं वर.

माझा जुना सेट म्हणजे टेबलाखाली सबवूफरचा डबा आणि मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढे दोन स्पीकर. दुकानात ह्याला टू पॉइंट वन म्हणतात आणि कॉम्प्युटरसाठी स्पीकर मागितले की बहुतेक हाच समोर येतो. त्याचं काय बिनसतं ते तानपुऱ्यावरून लगेच कळतं. मी काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी माझा सा. माझ्या तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा साधारण 208 हर्ट्झला, पंचम 156ला आणि खर्ज 104ला. दोन इंची छोटा स्पीकर दीडशे-दोनशेच्या खाली फारसं काही देऊ शकत नाही, म्हणून त्याखालचं सगळं डब्याकडे पाठवलेलं असतं. परिणाम असा की जोड डोळ्यांसमोर वाजतो आणि खर्ज पायापाशी घुमतो. एकच वाद्य दोन तुकड्यांत ऐकू येतं. डब्याचं बटण वर केलं की पलीकडच्या खोलीत सासूबाईंची झोपमोड. खाली केलं की खर्ज पार नाहीसा. त्या दिवशी ते खाली होतं आणि बोलणी त्या मुलीला बसली.

शिवाय ज्या जागी छोटा स्पीकर संपतो आणि डबा सुरू होतो, तिथेच नेमकी पुरुषाच्या आवाजाची छाती असते. माझ्या गुरुजींच्या कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आहेत. त्यांचा मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, आवाज त्या सेटवर पोकळ यायचा. सिनेमा बघणाऱ्यांना धमाका लागतो, त्यांनी खुशाल हा प्रकार घ्यावा. पण गाणं ऐकायचं असेल तर ह्या बजेटमध्ये सबवूफरचा मोह टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे तेवढेच असतात. ते तीन डब्यांत वाटण्यापेक्षा दोन बऱ्या डब्यांत घातलेले चांगले.

खरेदीला सांगलीला गेले. पेन ड्राइव्हवर तीनच गोष्टी घेतल्या होत्या: माझ्याच तानपुऱ्याचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग, गुरुजींच्या यमनचा एक तुकडा आणि विलंबित एकतालाचा नुसता ठेका. दुकानातल्या मुलाने नेहमीप्रमाणे ठोक्याचं एक गाणं मोठ्याने लावलं आणि म्हणाला, "मॅडम, बेस बघा." मी म्हटलं, "दादा, हे माझं लावता का? आणि आवाज बोलण्याएवढाच ठेवा." तानपुरा सुरू झाला तशी त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग उठून पंखा बंद केला आणि शटर अर्धं ओढून घेतलं. पुढचा पाऊण तास त्याने मला मनासारखं ऐकू दिलं. त्या दुकानात मी पुन्हा जाणार.

तुम्ही जाल तेव्हा तुमच्या कानात मुरलेलं काहीतरी बरोबर न्या. मी काय ऐकत होते तेही सांगते. नीट लागलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. तो कुणी छेडलेला नसतो, खर्जाचा पाचवा स्वरांश म्हणून येतो, माझ्या पट्टीत 519 हर्ट्झच्या जवळ. हा गंधार बहुतेक सगळेच स्पीकर ऐकवतात, अगदी मोबाइलसुद्धा. प्रश्न असतो तो कशावर उभा आहे हा. खाली खर्जाचं वजन असेल तर तो तरंगतो, नसेल तर भिरभिरतो. लहान स्पीकर फसवतात ते इथेच. वरचे स्वरांश ऐकून आपला कान खालचा मूळ स्वर मनाने भरून काढतो, त्यामुळे पहिल्या मिनिटात काहीच कमी वाटत नाही. दहा मिनिटं बसलं की कान थकतो. म्हणून निदान दहा मिनिटं ऐका. दुसरी कसोटी डग्ग्याची. घुमारा वर चढताना सलग चढतो की एका जागी फुगून मग बसतो, ते बघायचं. तिसरी, गुरुजींची छाती.

वॅटच्या आकड्यांबद्दल दोन शब्द, कारण खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच असतं. पूर्वी पीएमपीओ नावाने हजार-हजार वॅट छापलेले असायचे. त्या मोजणीला धड कुठलंच प्रमाण नव्हतं. आरएमएस, म्हणजे सतत निघू शकणारी ताकद, असं लिहिलेला आकडा तेवढा बघावा. आणि अडॅप्टरवर चालणारा सेट असेल तर अडॅप्टर उलटा करून वाचावा. 12 व्होल्ट, 2 अँपियर लिहिलं असेल तर गुणाकार 24 वॅट. खोक्यावर काही का असेना, त्याहून जास्त सतत निघायचं कुठून? खरं तर हात-दीड हातावर बसून ऐकायला एक-दोन वॅटही पुरतात. वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे कळेल न कळेल इतका. त्यापेक्षा पडदा, म्हणजे स्पीकरचा हलणारा गोल भाग, किती इंची आहे आणि डबा केवढा आहे हे विचारा. खर्ज हवेला ढकलून निघतो, तिला ढकलायला पडद्याला जागा लागते.

साउंडबार ऐकला आणि बाजूला ठेवला. एकाच लांबट डब्यात दोन्ही बाजू इतक्या जवळ येतात की तानपुरा आणि गायक एकमेकांच्या अंगावर बसतात.

क्रिएटिव्हचे पेबल माझ्या पुण्याच्या विद्यार्थिनींकडे आहेत, तिथे निवांत ऐकले होते. चेंडूसारखे गोल, दोन इंची पडदा, आणि तोंड 45 अंश वर केलेलं, त्यामुळे टेबलावर ठेवले तरी आवाज थेट कानाकडे येतो. ही कल्पना मला फार आवडली. बायकांचा आवाज, बातम्या, व्याख्यानं, ऑनलाइन शाळा ह्यांना ते उत्तम, आणि किमतीच्या मानाने स्वच्छ. हॉस्टेलवरच्या मुलाने ते बिनधास्त विकत घ्यावेत. माझ्या कामाला मात्र चालणार नव्हते, कारण खर्ज दोन इंचांत मावत नाही.

दुसऱ्या टोकाला प्रेसोनसचे एरिस 3.5. मिरजेतल्या एका ओळखीच्या रेकॉर्डिंगवाल्याकडे ऐकले. साडेतीन इंची पडदा, वर एक इंची रेशमी घुमट (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर), आवाजाचं बटण आणि हेडफोनची जागा समोरच. आवाज फार प्रामाणिक. गुरुजींनी श्वास कुठे घेतला तेही दिसावं इतका. दोन अडचणी होत्या. किंमत तेव्हा माझ्या बजेटच्या वर जात होती, आणि हवेचं भोक मागच्या बाजूला असल्याने त्यांना भिंतीपासून अंतर लागतं. माझं टेबल भिंतीला चिकटून आहे. मागे मोकळी जागा असलेल्याने आणि घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने आधी हे ऐकावेत.

मी घेतले एडिफायरचे आर 1280 टी. चार इंची पडदा, वर 13 मिलिमीटरचा रेशमी घुमट, दोन्ही मिळून 42 वॅट आरएमएस. बॉक्स एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकूडभुशाच्या फळीचे, बाजूला लाकडी रंग, पुढे राखाडी कापड. हवेचं भोक पुढच्या बाजूला, आणि माझ्यासाठी हाच मुद्दा निर्णायक ठरला. एकेक बॉक्स साधारण पंधरा सेंटिमीटर रुंद आणि तेवीस-चोवीस सेंटिमीटर उंच आहे, तेव्हा टेबल मोजून मगच जा. उजव्या बॉक्समध्ये सगळी यंत्रणा, डावा नुसता तारेने जोडायचा. तार साधी, टोकं सोललेली. उद्या टेबल बदललं तर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून हवी तेवढी लांब आणता येईल. ही सोय मला फॅन्सी जोडण्यांपेक्षा मोलाची वाटते.

पहिल्या रात्री तानपुरा लावला तेव्हा चारही तारा समोर एका जागी आल्या. पंचम, जोड, जोड, खर्ज, एकाच भोपळ्यातून. एवढंच मला हवं होतं. बेळगावच्या मुलीचं तेच रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं आणि तिला फोन करून सांगितलं की तुझा तानपुरा चोख होता, चुकले मी.

गुरुजींची पट्टी काळी एक. त्यांचा खर्ज 69 हर्ट्झला पडतो आणि कंपनी ह्या स्पीकरची खालची हद्द 75 सांगते. ती उणीव कानाला कळते. स्वर असतो, त्याची सावली थोडी फिकी असते. उजव्या बॉक्सच्या कडेला बेस आणि ट्रेबलची वेगळी बटणं आहेत. बेस वाढवून मी पाहिलं, पण मग डग्गा फुगायला लागतो. दोन्ही मधोमध ठेवलीत आणि आता हात लावत नाही.

जागेवर मी दोन रविवार घालवले आणि तो वेळ सत्कारणी लागला. आधी बॉक्स नुसते टेबलावर ठेवले होते, तेव्हा आवाज छातीला लागत होता आणि टेबलाची फळीही गात होती. वरचा घुमट कानाच्या रेषेत यायला हवा. माझ्या तानपुऱ्याची जवारी (तारा टेकतात ती घोडी, तिच्या घासाईवर तारांचं गुंजन ठरतं) काढायला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दिली होती, ती आणायला गेले तेव्हा तिथल्या कारागीर चाचांना सहज म्हटलं की एवढ्या-एवढ्या उंचीचे दोन ठोकळे हवेत. त्यांनी दांडीच्या लाकडाचे उरलेले तुकडे काढले, वरून थोडा उतार देऊन कापले आणि पैसे घेतले नाहीत. ठोकळ्यांखाली आणि वर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. फळी गप्प झाली. दोन बॉक्समध्ये 80 सेंटिमीटर आणि माझ्या डोक्यापासून प्रत्येकी तेवढंच, असा त्रिकोण. भिंतीपासून चार बोटं पुढे ओढले तसा घुमारा आवळला. बॉक्स खोलीच्या कोपऱ्यात मात्र कोंबू नका. कोपरा खालचे स्वर वाढवतो आणि ते वाढलेले खरे वाटतात.

एक घूं करणारा आवाज मला आठवडाभर छळत होता. ह्या स्पीकरला मागे दोन इनपुट आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालतात. एकाला कॉम्प्युटर जोडला होता, दुसऱ्याला माइकचा छोटा मिक्सर. दोन्ही तीन पिनांचे, दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या सॉकेटमधून. अशा वेळी अर्थच्या तारांचं एक वेटोळं तयार होतं आणि विजेचा सूर आत शिरतो. आपली वीज 50 हर्ट्झची, तिची दुप्पट 100. पांढरी पाचचा खर्ज 98, माझ्या काळी चारचा 104. म्हणजे ही घूं दोघांच्या मधे, माझ्या खर्जापासून ह्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून थोडी जास्तच खाली गात होती. ऐकताना नव्हे, पण रियाज करताना माझा षड्ज उतरायला लागला तेव्हा लक्षात आलं. दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर घेतली, घूं निम्मी झाली. मग ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची एक डबी मिक्सरच्या वायरमध्ये बसवली, ती पूर्ण गेली. प्लगची मोठी पिन काढून टाका, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती आपला जीव वाचवायला असते.

आता ज्या गोष्टी घेण्याआधी माहीत असायला हव्यात त्या. ह्या मॉडेलला ब्लूटूथ नाही. ते हवं असेल तर ह्याच घरातला 1280 डीबी आहे, त्यात ऑप्टिकल इनपुटही मिळतो. मला वायरच हवी होती. ब्लूटूथवर आवाज किंचित मागून येतो आणि शिकवताना तेवढंही मला खपत नाही. हेडफोनची जागा नाही. आवाजाचं बटण उजव्या बॉक्सच्या कडेला आणि चालू-बंदचं मागे, म्हणजे उजवीकडे भिंत किंवा कपाट असेल तर हात घालायला जागा ठेवावी लागेल. सोबत छोटा रिमोट मिळतो, मी तोच वापरते. चालू-बंद बोर्डावरच्या बटणानेच करते.

शिकवणाऱ्यांसाठी एक गोष्ट आणखी, हिचा स्पीकरशी थेट संबंध नसला तरी. व्हिडिओ कॉलवर आवाज साफ करणारी यंत्रणा सतत चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजते आणि पंख्याबरोबर तानपुराही पुसून टाकते. झूममध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज पाठवण्याची सोय आहे, ती दोन्ही बाजूंनी चालू करा. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये आवाज खुलवणाऱ्या म्हणून जेवढ्या करामती असतील त्या बंद करा. आणि प्रत्यक्ष शिकवताना मी हेडफोनच लावते, नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमधून परत जातो. स्पीकर रेकॉर्डिंग ऐकण्यासाठी.

चाचा तानपुऱ्याची दुसरी जवारी द्यायला मागच्या महिन्यात घरी आले. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते ह्याच गल्लीतल्या शिकलगार घराण्यांच्या हातामुळे. पंढरपूरकडचा भोपळा हातात घेऊन ठोकून पारखण्यात चाचांचं आयुष्य गेलंय. त्यांनी आल्या आल्या स्पीकरवर बोटाने टकटक केलं. म्हणाले, "हा मुका आहे ताई, चांगला आहे. भोपळा बोलला पाहिजे, हे खोकं गप्प बसलं पाहिजे. दोघं बोलले तर तार कुणाची ऐकायची?" इतक्या वर्षांत स्पीकरबद्दल इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांना मी माझ्याच तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावून दिलं, जवारी काढण्याआधीचं आणि नंतरचं. डोळे मिटून दोन्ही ऐकली. पहिल्याला म्हणाले, "इथे सूत सरकलंय." (सूत म्हणजे तार आणि घोडी ह्यांच्यामध्ये घातलेला धागा.) दुसऱ्याला बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "खर्ज जरा हलका येतोय. पण जवारी खरी आहे, माझीच आहे."

जाताना किंमत विचारली. गिऱ्हाईकं हल्ली लांबून फोनवर तानपुरा पाठवतात आणि अशीच जवारी काढून द्या म्हणतात, फोनवर घोडीचं काही कळत नाही, अशी त्यांची अडचण. त्यांच्या कारखान्यात लाकडाचा भुसा उडतो, तेव्हा पुढचं कापड काढायचं नाही आणि बॉक्स कामाच्या पाटापासून लांब, वरच्या फळीवर ठेवायचे असं ठरलंय. मंगळवारी सांगलीला मुलीकडे जाणार आहेत, मीही बरोबर जातेय. पेन ड्राइव्ह भरून ठेवलाय. ह्या वेळी त्यात तानपुरा त्यांच्या पसंतीचा आहे, काळी एकचा.